चिठ्ठीवर थांबलेला उपचार: पूर्व नागपुरातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात दातांच्या डॉक्टरांची वानवा नाही. ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून उभं आहे, हिंगणा रोडच्या बाजूला खासगी दंत महाविद्यालयं आहेत, आणि धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत जाल तिथे दवाखान्याची पाटी दिसते. तरीही याच शहरात अशा वस्त्या आहेत, जिथलं मूल दहा वर्षांचं होईपर्यंत दातांच्या खुर्चीत एकदाही बसलेलं नसतं.

हे प्रकरण पूर्व नागपुरातल्या एका मनपा शाळेचं आहे. शाळा, मुलं आणि कुटुंबं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथले पालक कळमना बाजारात हमाली करतात, मिरचीची देठं खुडायला जातात किंवा सकाळी ठिय्यावर उभे राहून बांधकामाची मजुरी मिळवतात. काही घरं भंडारा-गोंदियाकडची आहेत, काही छत्तीसगडमधून आलेली. त्यातली काही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. वीटभट्टीची ही तारीख आमच्या कामात पुढे फार महत्त्वाची ठरली.

मुलांचे दात किडणं ही काही या वस्तीपुरती गोष्ट नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात ५ वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे कीड सगळीकडेच आहे. फरक पडतो तो पुढे. धरमपेठेतल्या मुलाची कीड भरली जाते, या वस्तीतल्या मुलाची कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचते. मग रात्री ठणका लागतो, लवंग लावतात, औषधाच्या दुकानातून गोळी आणतात, कुणी तंबाखूची चिमूट दाबायला सांगतं. गालावर सूज आली की शाळा बुडते.

अडचण

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात दंतविकार धरलेले आहेत आणि सरकारी शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. या शाळेतही ती झाली होती. शिवाय जुलैमध्ये एका दंत महाविद्यालयाने मोठं शिबिर घेतलं. सगळ्या वर्गांची तोंडं तपासली, टूथपेस्ट वाटली, आणि उपचाराची गरज असलेल्या प्रत्येक मुलाला रुग्णालयात येण्याची चिठ्ठी दिली. उपचार मोफत होते, चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा, गट पाठपुराव्यासाठी शाळेत गेला. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी जेमतेम बोटांवर मोजण्याइतकी मुलं रुग्णालयात पोहोचली होती आणि त्यातल्या निम्म्यांचा उपचार अर्धवट सुटला होता. बाकीच्या चिठ्ठ्या दप्तरांत सापडल्या, वह्यांच्या कव्हरखाली सापडल्या. शिक्षकांचं म्हणणं होतं, ‘पालकांना गांभीर्य नाही.’ आमच्यातल्याही काहींना ते पटत होतं.

म्हणून आम्ही घरी जाऊन विचारायचं ठरवलं. सकाळी घरी कुणी सापडत नाही, तेव्हा संध्याकाळी सातनंतर आशाताईंसोबत गेलो. एका आईने जे सांगितलं त्यात सगळं आलं: “मॅडम, दात फुकट पाहून देता, ते समजलं. पण तीन-तीन खेपा कोण देईन? ठिय्यावर नाही गेली का त्या दिवशीची रोजी गेली. अन् तिथं गेल्यावर आज फोटो काढा, उद्या या, परवा या.”

हिशोब असा होता. दोन ऑटो बदलून रुग्णालयात जायचं, केस पेपर काढायचा, ओपीडीच्या रांगेत बसायचं, क्ष-किरण, मग पुढची तारीख. लहान मुलासोबत मोठी बहीण चालत नाही, संमतीला आई किंवा वडीलच लागतात. एका किडलेल्या दाढेसाठी दोन ते तीन दिवसांची मजुरी जाते. उपचार मोफत असला तरी त्या घरासाठी तो महाग होता, आणि ही किंमत चिठ्ठी लिहिणाऱ्याला दिसत नव्हती. ‘गांभीर्य नाही’ हे मत त्या संध्याकाळनंतर आमच्यात कुणीही पुन्हा मांडलं नाही.

दुसरी अडचण समजुतीची. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ हे जवळपास प्रत्येक घरात ऐकलं. दुधाच्या दाढा १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात असतात, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला त्यांच्यावर आणखी पाच-सात वर्षं जेवायचं असतं. त्याहून मोठा घोटाळा पहिल्या पक्क्या दाढेचा. ती सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे मुकाट्याने उगवते. तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. आणि पक्क्या दातांत सर्वांत आधी किडते तीच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुन्हा शिबिर घेण्याचा होता. दंत महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा आग्रह त्याकडे होता, कारण शिबिर एका दिवसात होतं आणि अहवालात चांगलं दिसतं. पण तपासणी आधीच दोनदा झाली होती. कुणाची दाढ किडली आहे हे आम्हाला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, घरी माहीत होतं. तिसऱ्यांदा तेच सांगून कुणाचा ठणका थांबणार नव्हता.

दुसरा पर्याय, मुलांना बसने रुग्णालयात नेणं. यात पालकांची मजुरी वाचते असं वरवर वाटतं, पण संमतीचा प्रश्न तसाच राहतो, शिक्षक वर्ग सोडून येऊ शकत नाहीत, आणि इतकी मुलं एकदम गेली तर तिथल्या खुर्च्याही पुरत नाहीत.

तिसरा पर्याय फिरत्या दंतवाहनाचा. वाहनात खुर्ची असते, ड्रिल असतं, बऱ्याच गोष्टी जागेवर होतात. आमच्या वाट्याला वाहन महिन्यातून एखाद्या दिवशी येऊ शकत होतं. शाळेची गल्ली अरुंद असल्याने ते मुख्य रस्त्यावर थांबवावं लागलं असतं, आणि जनरेटरवर चालणाऱ्या त्या खुर्चीत दिवसाला मोजकीच मुलं झाली असती.

चौथा पर्याय, वीज आणि ड्रिल न लागणारे उपचार वर्गातच करणं. याला तीन आधार आहेत. ‘एआरटी’ (अॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट) ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. हाताच्या अवजाराने मऊ झालेली कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, बहुतेकदा भूल लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, म्हणजे एसडीएफ, हे ३८ टक्क्यांचं द्रावण किडीवर लावलं की ती बहुतेक दातांत थांबते. अभ्यासांच्या आढाव्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास येतं आणि वर्षातून दोनदा लावलं तर परिणाम चांगला टिकतो. तिसरं, फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे कीड रोखण्यासाठी दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप. ग्लास आयोनोमर आणि एसडीएफ या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. हा काही ‘गरिबांसाठी चालवून घेण्याचा’ उपचार नाही. लहान मुलांसाठी तो चांगल्या दवाखान्यांतही वापरला जातो.

त्याची खोट एकच, पण मोठी. एसडीएफने किडलेला भाग कायमचा काळा पडतो.

दात काढणंही शाळेतच उरकावं असं गटातल्या दोघांचं मत होतं, म्हणजे रुग्णालयाची खेपच वाचली असती. त्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला आणि नको असं ठरवलं. भूल देताना काही बिघडलं तर शाळेत साधनं नसतात. आणि विदर्भात दुसरा एक मुद्दा सोडून चालत नाही, तो सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. इथल्या अनेक समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या मुलाला जंतुसंसर्ग, वेदना, पाणी कमी पडणं यातलं काहीही क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र वेदनांच्या झटक्यात, ढकलू शकतं. अशा मुलाच्या दाताची सूज लवकर उतरवायलाच हवी, आणि दात काढायचा तर तो रुग्णालयातच.

काय केलं

निर्णय झाला तो असा: जे हातात घेऊन जाता येतं ते शाळेत करायचं, आणि रुग्णालयाची खेप फक्त ज्यांना खरोखर लागते त्यांच्यासाठी राखायची. पण ती खेप एकाच दिवसात संपेल याची जबाबदारी आमची.

संमतीपासून सुरुवात केली. मुलांच्या हाती पाठवलेले फॉर्म चिठ्ठ्यांसारखेच दप्तरात राहिले असते. म्हणून रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्ध विहारात पालकांची बैठक घेतली. एसडीएफ लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे मोठे फोटो नेले आणि काळेपणा आधी दाखवला, फायदा नंतर सांगितला. हा क्रम आम्ही जाणूनबुजून ठेवला होता. काळा दात मूल घरी आल्यावर पहिल्यांदा दिसला असता तर दुसऱ्या दिवशी एकही मूल बाकावर बसलं नसतं.

एक वडील उठून म्हणाले, “मागच्या दाढा करा काळ्या, कोणाले दिसते? पण पोरीच्या समोरच्या दाताले नका लावू. लोकं चिडवतीन.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. तेव्हाच ठरलं की पुढच्या दातांना पालकांच्या वेगळ्या होकाराशिवाय एसडीएफ लावायचं नाही, तिथे जमेल तसं सिमेंट भरायचं. फॉर्मवर पुढच्या आणि मागच्या दातांसाठी दोन वेगळ्या सह्या घेतल्या. पुष्कळ पालकांनी मागच्यांना होकार दिला आणि पुढच्यांना नकार. मुलगी नसून मुलगा असेल तर मात्र पुढच्याही दातांना सहज होकार मिळत होता. हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

कामाची मांडणी साधी होती. दोन बाक जोडून त्यावर सतरंजी, डॉक्टरच्या कपाळावर दिवा, मूल आडवं झोपलेलं आणि डॉक्टर डोक्यामागे स्टुलावर. अवजारं महाविद्यालयातच निर्जंतुक करून प्रत्येक मुलासाठी वेगळ्या पाकिटात आणली, वापरलेली परत नेली, कापूस आणि हातमोजेसुद्धा शाळेच्या कचऱ्यात टाकले नाहीत. आधी मोठ्या वर्गातल्या धीट मुलांना बसवलं. खिडकीतून पाहणाऱ्या पहिलीच्या मुलांची भीती त्यामुळे निम्म्याने उतरली. ज्यांच्या दाताच्या नसेपर्यंत कीड गेली होती किंवा हिरडीवर फोड होता, त्यांना एसडीएफ लावलं नाही. तिथे त्याचा उपयोग नसतो. त्या मुलांची नावं रुग्णालयाच्या यादीत गेली.

पक्क्या दाढा ज्यांच्या नुकत्या उगवल्या होत्या आणि चांगल्या होत्या, त्यांच्या खाचा ग्लास आयोनोमरने बंद केल्या. सगळ्या कामात सर्वांत कमी वेळाचं आणि बहुधा सर्वांत मोलाचं काम हेच.

घासण्याचं काम शिक्षकांनी उचललं. शालेय पोषण आहाराची खिचडी झाल्यावर नळाच्या रांगेत वर्गवार ब्रश. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडची, आणि घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. ही शेवटची सवय मुलांपेक्षा शिक्षकांना लावणं अवघड गेलं. काही घरांत मोठी माणसं तंबाखूची गुडाखू किंवा मशेरी दातांना लावतात आणि लहानांच्याही बोटाला देतात. त्यावर भाषण न देता शाळेत ब्रश देणं जास्त उपयोगी पडलं.

रुग्णालयाशी बोलून बालदंत विभागात एक ठरलेली दुपार मिळवली. केस पेपर आधीच तयार, वेगळी खुर्ची, क्ष-किरण आणि उपचार त्याच दिवशी. सकाळची वेळ नको हे पालकांनीच सुचवलं होतं, कारण बाजारातली हमाली पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत मोकळी होते. ठिय्यावरच्या बायांना मात्र ही वेळही सोयीची नव्हती. त्यांच्यासाठी ऑटोचं भाडं दिलं, पण बुडालेली रोजी आम्ही भरून देऊ शकलो नाही.

एका मुलीची दाढ

चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलीचा निर्णय सर्वांत कठीण होता. खालची डावी पहिली पक्की दाढ. जुलैच्या शिबिरात तिला चिठ्ठी मिळाली होती, तेव्हा ती दाढ नुसती भरून भागलं असतं. आता गालाला सूज येऊन गेली होती आणि नस मेलेली होती.

या वयात त्या दाढेची मुळं नुकती पूर्ण होत आलेली असतात, टोकं अजून उघडी असू शकतात. ती वाचवायची तर औषध भरून टोक बंद करणं, मग रूट कॅनल, पुढे टोपी, म्हणजे अनेक खेपा आणि काही वर्षांचा पाठपुरावा. दुसरा मार्ग दाढ काढण्याचा. ८ ते १० वर्षांच्या दरम्यान, दुसरी पक्की दाढ हाडात तयार होत असतानाच पहिली काढली, तर दुसरी पुष्कळदा पुढे सरकून रिकामी जागा बऱ्यापैकी भरून काढते. ही संधी दोन-तीन वर्षांनी राहत नाही.

तरुण डॉक्टरांना दाढ वाचवायची होती. नऊ वर्षांच्या मुलीची पक्की दाढ काढणं कुणालाही आवडत नाही, आणि आवडूही नये. पण अर्धवट सुटलेल्या रूट कॅनलमध्ये पुन्हा पू होतो, आणि मग दाढही जाते अन् योग्य वेळही जाते. दंतव्यंगोपचार (वाकडे दात सरळ करणाऱ्या) तज्ज्ञांनी पूर्ण जबड्याचा क्ष-किरण पाहिला. दुसरी दाढ योग्य टप्प्यावर होती. आम्ही दोन्ही मार्ग, खेपांच्या संख्येसह, आईपुढे ठेवले. आई म्हणाली, “मी एक दिवस येऊ शकते. चार दिवस येते म्हणून सांगितलं तर ते खोटं होईन.” आजीला भीती होती की दाढ काढली की नजर कमी होते. तिला शांतपणे समजावलं की दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या असतात, आणि खरा धोका पू तसाच ठेवण्यात आहे.

माहिती घेताना कळलं की मुलीच्या चुलत भावाला सिकलसेल आहे. दाढ काढण्याआधी तिची तपासणी करून घेतली. ती वाहक निघाली, रुग्ण नव्हे. ठरलेल्या दुपारी दाढ काढली, आणि त्याच बैठकीत उरलेल्या तीन पक्क्या दाढांच्या खाचा बंद केल्या.

मला अजूनही वाटतं की त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता. पण तो घ्यावा लागला, कारण जुलैतली चिठ्ठी ऑक्टोबरपर्यंत दप्तरात होती. चांगल्या परिस्थितीतल्या मुलीसमोर हा प्रश्नच आला नसता.

निष्पत्ती

ज्यांना शाळेत उपचार लागणार होते आणि ज्यांच्या पालकांनी सही केली, त्यातल्या बहुतेक मुलांचा पहिला टप्पा त्या सत्रात पूर्ण झाला. रुग्णालयाच्या यादीतली बरीच मुलं ठरलेल्या दुपारी पोहोचली. पहिल्या वेळच्या चिठ्ठ्यांशी तुलना केली तर हा फार मोठा फरक होता. दात दुखतो म्हणून घरी बसणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली असं वर्गशिक्षिका सांगतात. आम्ही हजेरीशी त्याचा ताळा घातलेला नाही.

सहा महिन्यांनी एसडीएफचा दुसरा हात द्यायचा होता. तेव्हा काही बाक रिकामे होते. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलं त्यांच्यासोबत गेली होती. जी हजर होती त्यांच्या बहुतेक दाढांतली कीड टणक आणि काळी, म्हणजे थांबलेली दिसली. काही सिमेंटची भरणं निघून आली होती, विशेषतः दोन दातांच्या मधल्या पोकळीतली, आणि हे या पद्धतीत अपेक्षितच असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतलं ब्रश करणं थांबलं. विदर्भात शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो, म्हणजे खंड चांगला मोठा. परत आल्यावर हिरड्यांवरून तो स्पष्ट कळत होता.

मुलीची जागा दर वर्षी पाहायची आहे. दुसरी दाढ १२ व्या वर्षाच्या सुमारास येईल, तेव्हाच ती नीट सरकली की नाही हे ठरेल.

वेगळं काय करता येईल

वेळापत्रक शाळेच्या नव्हे तर स्थलांतराच्या दिनदर्शिकेवर बसवायला हवं. पहिला हात शाळा उघडताच आणि दुसरा दिवाळीच्या सुट्टीआधी दिला, तर अंतर सहा महिन्यांपेक्षा कमी पडतं, पण मूल हाती लागतं. सहा महिन्यांचं अंतर पाळण्यापेक्षा मूल न चुकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या दातांची नोंद असलेलं कार्ड पालकांच्या हाती द्यावं, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरला काय लावलं आहे ते कळेल. काळा दात पाहून तो उगाच उपटायला नको.

चिठ्ठी द्यायचीच असेल तर तिच्यावर तारीख, वेळ, खोली आणि एका माणसाचा फोन असावा. ‘रुग्णालयात दाखवावे’ एवढंच लिहिलेला कागद आम्ही आता देत नाही. आणि जिची कीड नसेपर्यंत पोहोचलेली नाही अशा पक्क्या दाढेच्या नोंदीला लाल खूण करून त्या मुलांना सर्वांत आधी घ्यावं, कारण ठणका नसलेलं हे मूल रांगेत कायम मागे पडतं.

शाळेच्या फाटकाजवळच्या दुकानाला आम्ही हात लावला नाही. पाच रुपयांच्या पाकिटांची विक्री हेच त्या घराचं पोट आहे. तान्हा पोळ्याच्या बोजाऱ्यात, म्हणजे त्या दिवशी मुलांना मिळणाऱ्या भेटीत, गोडधोड मिळणारच, आणि मिळायलाही हवं. एका दिवसाच्या गोडाने दात किडत नाहीत, दिवसभर थोडं थोडं तोंडात राहणाऱ्या साखरेने किडतात. सकाळचा चहा-टोस्ट, मधल्या सुट्टीतलं पाकीट, संध्याकाळची गोळी, यातली एखादी वेळ कमी करा, एवढंच आम्ही घरोघरी सांगितलं. दुकानदारासोबत बसून शेंगदाणे-फुटाण्यांचं पाकीट त्याच किमतीत ठेवता येतं का, हे यंदा पाहायचं आहे.

सर्वांत मोठा बदल वयाचा. पहिलीत आलेल्या मुलांच्या दुधाच्या दाढा आधीच किडलेल्या होत्या. सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होते, आणि त्या वयाची मुलं अंगणवाडीत असतात. तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी वर्षातून दोनदा होते, म्हणजे दार आधीच उघडं आहे. त्याच दिवशी तपासणीला जोडून व्हार्निश लावण्याची परवानगी मिळावी म्हणून पत्र दिलं आहे, आणि वस्तीतल्या दोन अंगणवाडी सेविकांनी आयांना ओठ उचलून किडीच्या सुरुवातीचे पांढरे डाग कसे ओळखायचे हे शिकवायला सुरुवात केली आहे.